जुन्या पिकअपला पाटे निवडताना

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली की गावाभोवतीच्या पथाऱ्या लाल होऊन जातात. बाजारात येते तेव्हा ही मिरची चांगलीच जड असते. पथारीवर वाळली की तिचा हौदा शिगोशीग भरला तरी गाडीला जाणवत नाही. शहाद्याची केळी जड, धडगावकडचे आमचूर हलके. हा सगळा माल ज्यांच्यावर तोलला जातो ते मागच्या कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) मात्र गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

जुनी जीप-पिकअप हौसेने नव्याने बांधणारे लोक रंगावर, टायरवर, इंजिनावर महिनोन्‌महिने खल करतात. पाट्यांची पाळी आली की ‘दोन पाटे जास्त टाका, गाडी मजबूत होईल’ एवढ्यावर विषय मिटतो. मला हे मुळीच पटत नाही. कडक पाटा म्हणजे मजबूत पाटा नव्हे, आणि जुन्या गाडीचे तर त्याने नुकसानच होते.

हा भाग मोटारीहून जुना आहे. लंडनच्या ओबडाया इलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले, आणि आपल्याकडच्या टांग्यांखालीही तशीच कमान आली. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, तेव्हा त्या जीपच्या चारही चाकांवर पाटेच होते. पुढे सातपुड्याच्या रस्त्यांवर माणसे वाहणारी कमांडर आली, बोलेरो पिकअप आली. मागच्या बाजूला पाटे कायम राहिले.

याचे कारण असे की पाटा नुसते वजन झेलत नाही. मेन पाट्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला पक्का असतो आणि मागचा शॅकलवर झुलतो, कारण वजनाने कमान सपाट झाली की पाट्याची लांबी वाढते. ॲक्सल जागेवर धरणे, चाकांचा रेटा चासीपर्यंत पोचवणे, ब्रेक लागताच ॲक्सलला बसणारा पीळ सोसणे, ही कामेही पाटाच करतो. धडगावहून तळोद्याकडे चांदशैली घाट उतरताना प्रत्येक वळणावर ही सगळी कामे एकाच वेळी त्याच्यावर येतात.

निवड भुईकाट्यावरून सुरू करावी. गाडी रिकामी असताना फक्त मागची चाके काट्यावर घ्या. समजा, ६०० किलो भरले. त्यात ॲक्सल, चाके आणि ड्रमचे मिळून १५० किलो असतील, तर तो भार पाट्यांवर येत नाही. उरले ४५०, म्हणजे एका बाजूला २२५. आता रोजच्या मालापैकी ५०० किलो मागच्या ॲक्सलवर येत असेल तर एका बाजूला २५० किलोची भर पडली. एवढ्या मालाने गाडी ७५ मिलिमीटर बसावी असे ठरवले तर दर मिलिमीटरला सुमारे ३.३ किलो कडकपणाचा पाटा लागेल. हा आकडा हातात घेऊनच कमानवाल्याकडे जावे.

अंदाजाने जाडी वाढवली की काय होते ते याच हिशेबात दिसते. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सगळे पाटे ६ ऐवजी ७ मिलिमीटरचे घेतले तर गाडी जवळजवळ ५९ टक्क्यांनी कडक होते. लांबी १० टक्क्यांनी वाढवली तर उलट गाडी सुमारे २५ टक्क्यांनी मऊ होते. म्हणून जागा असेल तर लांब पाटा घ्यावा. कधीमधी जास्त माल भरावा लागत असेल तर खाली हेल्पर पाटा ठेवावा; गाडी बसल्यावरच तो कामाला लागतो. रोज रिकामी धावणारी गाडी हंगामातल्या एका खेपेसाठी कडक करू नये. तशी गाडी खड्ड्यावर उडते, मागची चाके रस्ता सोडतात, ब्रेक लावताच घसरतात, आणि हादरे जुन्या चासीच्या रिव्हेटांना बसतात.

भंगारातला पाटा स्वस्त पडतो, पण तो पारखून घ्यावा. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावून पुसून काढा आणि वर खडूची पूड फासा. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवते. डोळ्याचे वळण आणि सेंटर बोल्टचे भोक, या दोन ठिकाणी आधी बघावे. चिरलेला पाटा वेल्डिंगने जोडणे जिवाशी खेळ आहे. बसलेल्या पाट्याची कमान पुन्हा काढून मिळते, पण लाल तापवून, ठोकून तसाच गार होऊ दिला तर त्याचे पाणी उतरते. तेलात विझवून पुन्हा ४००–५०० अंशांपर्यंत तापवणारा कारागीर असेल तरच हे काम द्यावे. चिरलेल्या पाट्याची किंमतही वाया जात नाही, लोहार त्याचे उत्तम कोयते करतात.

आणखी एक गोष्ट. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकात लिहिलेले वजन वाढत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ५२ वे कलम गाडीतल्या बदलांना मर्यादा घालते, तेव्हा काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

हौदा, फळ्या, डिझेलची टाकी, स्टेपनी असे सगळे जागेवर बसल्यावरच पाटे ठरवा, कारण तोपर्यंत भुईकाट्यावरचे वजन खरे नसते. बुश आणि यू-बोल्ट नवेच घाला, आणि पहिले ५०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.