खंदारीचे पाणी, डुमनाचे जंगल : जबलपूरच्या जुन्या जलाशयाला संरक्षण किती?

जबलपूर : कमानिया गेटपासून जवळच असलेला बडा फुहारा हा जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेचा मध्यबिंदू. सराफ आणि कापड व्यापारी यांच्या दुकानांच्या गर्दीत उभे असलेले हे कारंजे आज मुख्यतः पत्ता सांगण्यापुरते उरले आहे. जुने जबलपूरकर मात्र त्याची कथा शहराबाहेरील टेकड्यांमधील एका जलाशयाशी जोडून सांगतात. तो जलाशय म्हणजे खंदारी. १८८३ मध्ये बांधलेला हा जलाशय आता डुमना नेचर पार्कच्या हद्दीत आहे. भोवतालची झाडी, पाण्यात उतरलेली टेकड्यांची सावली आणि काठावर चरणारे चितळ यांमुळे तो पर्यटकांचे आवडते स्थळ बनला आहे. परंतु त्याचे मूळ प्रयोजन सौंदर्य नव्हे, तर पिण्याचे पाणी होते आणि त्याच्या रक्षणाचा प्रश्नही तेथूनच सुरू होतो.

तलावांच्या शहराला धरणाची गरज

जबलपूरची ओळख ‘बावन्न तालांचे शहर’ अशी सांगितली जाते. गढ्याच्या गोंड राजवटीत येथे तलावांची मोठी परंपरा उभी राहिली. संग्रामसागर हा संग्रामशाहाच्या नावाने, तर राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखला जातो. तिच्या दासीच्या स्मरणार्थ चेरीताल आणि दिवाण आधारसिंह यांच्या नावे आधारताल, अशी परंपरागत माहिती आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि लष्करी छावणीमुळे शहर वाढले. तेव्हा वस्तीतील तलाव व विहिरींपेक्षा निर्मळ आणि नियमित पाण्याची गरज भासू लागली. त्यातूनच खंदारीची योजना साकारली. नगरपालिकेला या कामासाठी राजा गोकुलदास यांनी अर्थसाहाय्य केले.

टेकड्यांमधील जागा निवडण्यामागे त्या काळातील साधा हिशेब होता. वस्तीपासून दूर, झाडीने वेढलेल्या उतारांवरून आलेले पाणी तुलनेने स्वच्छ असते आणि उंचावर साठविलेले पाणी उताराने खाली आणणे सोपे जाते. मुंबईत १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे तलाव याच विचारातून बांधले गेले.

जंगल पाण्याचे काय करते?

जलाशय म्हणजे केवळ धरणाची भिंत आणि तिच्यामागचे पाणी नव्हे. ज्या उतारांवरचा पाऊस त्यात येऊन मिळतो, ते पाणलोट क्षेत्र हा त्याचाच भाग असतो. जबलपूरचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतारावर झाडी असेल, तर पावसाचा मारा पानांवर आणि पाचोळ्यावर थोपतो, मुळे माती धरून ठेवतात आणि जमिनीत मुरलेले पाणी पावसाळ्यानंतरही हळूहळू झिरपत राहते. झाडी गेली की तेच पाणी गाळ घेऊन धावत येते. गाळ तळाशी बसतो आणि जलाशयाची साठवणक्षमता कमी होते. काँक्रीट वाढले, तर गाळाबरोबर सांडपाणी, तेल आणि कचराही येतो. पाण्यातील पोषक द्रव्ये वाढून शेवाळ व जलपर्णी फोफावतात आणि पाणी शुद्ध करण्याचा खर्च चढत जातो.

म्हणूनच डुमनाचे १,०५८ हेक्टर क्षेत्र हे खंदारीचे नैसर्गिक गाळणयंत्र ठरते. येथे चितळ, रानडुक्कर, कोल्हे, साळिंदर आणि असंख्य पक्षी आढळतात. बिबट्याचा वावर आहे आणि जलाशयात मगरी आहेत. जबलपूरची मुख्य भिस्त आता नर्मदेच्या पाण्यावर असली, तरी खंदारीचा जुना स्रोत शहराच्या पाणीपुरवठ्यात आजही मोलाचा आहे.

नावात ‘पार्क’, कायद्यात काय?

डुमना नेचर पार्क जबलपूर महानगरपालिकेच्या अखत्यारीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे ठरलेले प्रकार आहेत. त्यांच्या हद्दीत बदल करायचा झाल्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आवश्यक असते. ‘नेचर पार्क’ हा प्रकार या कायद्यात नाही. बिबट्या आणि मगर हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने त्यांची शिकार कोठेही गुन्हाच ठरते. मात्र प्राण्याला मिळालेले हे संरक्षण त्याच्या अधिवासाच्या जमिनीला आपोआप लाभत नाही.

पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांतही अशीच अडचण आहे. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय या नियमांतील व्याख्येतून वगळले आहेत. खंदारीची निर्मितीच पाणीपुरवठ्यासाठी झाली. त्यामुळे ज्या उपयोगाने तो शहराला मोलाचा ठरला, त्याच उपयोगामुळे संरक्षणाची एक वाट त्याच्यासाठी बंद होते.

मुंबईशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तुळशी आणि विहार हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. डुमनाच्या जवळपास दहापट असलेल्या या उद्यानाभोवती महानगराचा प्रचंड दाब असूनही तुळशीचा पाणलोट वनाच्छादित राहिला. त्यामागे राष्ट्रीय उद्यानाच्या दर्जाचा वाटा मोठा आहे.

वाढत्या शहराचा दाब

डुमनाच्या दिशेने शहर वेगाने सरकत आहे. याच भागात विमानतळ असून त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचे संकुलही याच मार्गावर आहे. गेल्या काही वर्षांत डुमना परिसरात क्रीडानगरीसारख्या प्रकल्पांची चर्चा झाली, तेव्हा नागरिकांमधून विरोधाचा सूर उमटला. विमानतळ, शिक्षणसंस्था, मैदाने यांची शहराला गरज आहेच. प्रश्न आहे तो त्यांसाठी पाणलोटातील जमीन वापरावी का, हा.

कायद्यात मार्ग अगदीच नाही, असे नव्हे. वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने शासकीय मालकीच्या जमिनीवर ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ घोषित करण्याची तरतूद केली. राज्य शासन स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून असे क्षेत्र जाहीर करू शकते. शिवाय शहराच्या विकास आराखड्यात पाणलोटाची सीमा आखून तेथील बांधकामावर निर्बंध घालता येतात. दोन्ही उपायांसाठी पहिले पाऊल एकच : खंदारीत येणारे पाणी नेमके कोणकोणत्या उतारांवरून येते, याचा नकाशा निश्चित करून तो लोकांसमोर ठेवणे.

गोंडकालीन तलावांपैकी अनेक तलाव वस्तीने वेढले गेले, काही बुजले. त्यांचे नाव केवळ मोहल्ल्यांच्या नावांत उरले. खंदारी त्या वाटेने गेलेला नाही, कारण त्याच्या भोवतीचे जंगल अद्याप उभे आहे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून ते दिसत नाही. पण शहरासाठी शोधलेले ते जुने पाणी पुढेही मिळत राहायचे असेल, तर धरणाच्या भिंतीइतकीच काळजी त्या जंगलाचीही घ्यावी लागेल.