जमाखर्चाची नवी वही आणि तिची कीड

ज्या शेतकऱ्यांनीं भातगिरणी घातली, पेणेस गणपतींचा कारखाना काढला किंवा रोह्यास खताचें दुकान थाटलें, त्यांचा जमाखर्च सांप्रत लाल बासनांत न राहतां संगणकांत राहूं लागला आहे. ही सोय मोठी आहे. तिला नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परंतु बासनास जशी वाळवी, तशी ह्या नव्या वहीसही कीड आहे.

"असल्या चोऱ्या मोठ्या पेढ्यांत व्हावयाच्या, आमच्या गिरणींतून चोरानें काय न्यावें?" असें एका सभासदांनीं आम्हांस विचारलें. पण ही कीड घर पाहून येत नाहीं. पेणच्या शेजारीं उरण तालुक्यांत जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील एक धक्का मर्स्क ह्या डॅनिश जहाज कंपनीचा समूह चालवीत असे. २७ जून २०१७ रोजीं त्या कंपनीचे देशोदेशींचे संगणक एकाएकीं बंद पडले आणि आपल्या जिल्ह्यांतील ह्या धक्क्याचेंही काम अडलें. मूळ कोठें, तर युक्रेन देशांतील हिशेबाच्या एका प्रणालींत! तिच्या सुधारित आवृत्तींत कोणी विष कालविलें होतें. पडद्यावर खंडणीची मागणी झळके. पण खंडणी भरूनही कुलूप उघडण्याजोगें नव्हतें.

कंपनी वांचली ती एका अपघातानें. आफ्रिकेंतील घाना देशांतल्या तिच्या कचेरींत नेमकी त्या वेळीं वीज गेली होती. त्यामुळें तेथील यंत्र जाळ्यापासून तुटलेलें राहिलें, आणि त्यांतील एका प्रतीवरून कंपनीनें आपलें जाळें पुन्हां उभारलें. (आमच्याकडे वीज गेली म्हणजे आम्ही किती बोल लावतों!)

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. दप्तराची दुसरी प्रत निराळ्या खोलींत असावी, हें तेथें कोणास शिकवावें लागत नसे. तसेंच येथें करावें. आठवड्यांतून एकदां सर्व हिशेब वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरून घ्यावा व लागलीच तिची तार काढून ती कपाटांत ठेवावी. डिस्क जोडलेलीच राहिली तर कीड तिलाही खाते. महिन्यांतून एकदां प्रत उघडून पाहावी. सुधारणा विषारी निघाली म्हणून सुधारणा घेणेंच सोडूं नये. ही कीड ज्या भगदाडांतून पसरली त्यांपैकीं एक बुजविण्याचें साधन मायक्रोसॉफ्ट कंपनीनें मार्च २०१७ मध्येंच दिलें होतें.

दुसरी चोरी यंत्राची नव्हे, विश्वासाची. आमच्या परिचयाच्या एका मूर्तिकारांस ऐन आषाढांत मोठ्या मागणीचा फोन आला. "इसारा पाठवितों, हा चौकोन टिपा आणि पिन दाबा." त्यांनीं दाबला, इसारा आला नाहीं, खात्यांतील रक्कम मात्र गेली. पैसे घेण्यास पिन लागतच नाहीं! पिन म्हणजे आपली सही. ती देण्याच्या कागदावर होते. पुढें लाजेनें ते दोन दिवस गप्प बसले, हें अधिक वाईट झालें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकान्वयें, ग्राहकाच्या चुकीनें गेलेल्या पैशाचा भार बँकेस कळवीपर्यंत त्याच्यावर. कळविल्यानंतर होणारें नुकसान बँकेवर. म्हणून पहिल्या घटकेंतच बँकेस व १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें, म्हणजे रक्कम वाटेंत अडविण्यास अवकाश राहतो. आमच्या पुतण्याच्या गिरणींत हा आंकडा वजनकाट्याच्या वर खडूनें लिहिलेला आहे.