आकी खावी की टाळावी?

आकी हे जमैकाचं राष्ट्रीय फळ. खारवलेल्या कॉड माशाबरोबर परतलेली आकी ही तिथली लाडकी न्याहारी. ताटात ती थेट अंडाभुर्जीसारखी दिसते. जमैकाशी असलेल्या या नात्यामुळे हे सदाहरित झाड मूळचं तिथलंच, असं अनेकांना वाटतं. पण ते पश्चिम आफ्रिकेचं आहे. अठराव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून ते कॅरिबियनमध्ये पोचलं, असं मानतात. कॅप्टन विल्यम ब्लाय यांनी १७९३ मध्ये ते लंडनच्या क्यू उद्यानात नेलं आणि शास्त्रीय नावात त्यांचं नाव लागलं. ज्या आफ्रिकी माणसांनी हे झाड ओळखलं, जोपासलं, त्यांची नोंद या नावात नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरा समज असा, की हे फळ विषारीच आहे. ते अर्धंच खरं. कच्च्या फळात हायपोग्लायसिन असतं. शरीर उपाशीपोटी चरबीतून ऊर्जा मिळवतं, ती वाटच हे द्रव्य अडवतं. मग यकृतातला साखरेचा साठा संपतो, रक्तातली साखर झपाट्याने उतरते, उलट्या आणि झटके येतात. बुर्किना फासोत १९९८ मध्ये कच्च्या आकीमुळे अनेक लहान मुलं दगावली. फळ पिकून झाडावरच आपोआप उकललं, की गरातलं हे द्रव्य खूप कमी होतं. तेव्हा फक्त पिवळसर गर खायचा. लालसर शीर काढून टाकायची. काळी बी कधीच खायची नाही.

फळ लाल झालं म्हणजे पिकलं, हा समज सर्वांत घातक. लाल पण मिटलेलं फळ हाताने फोडून खाऊ नये. शिजवल्यानेही कच्च्या फळातला धोका खात्रीने जात नाही. याच कारणाने अमेरिकेने १९७३ मध्ये आकीची आयात बंद केली. २००० पासून तपासणीत उतरलेल्या उत्पादकांचाच डबाबंद माल तिथे जातो.

हे झाड फक्त खाण्यापुरतंही नाही. पश्चिम आफ्रिकेत त्याच्या दाट सावलीला मोल आहे, कच्च्या फळाच्या फेसाने कपडे धुतात, लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. फेसाचं नवल नको, कारण आकी आपल्या रिठ्याच्याच कुळातली.

लिचीही त्याच कुळातली. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आजाराशी हायपोग्लायसिन आणि त्याच्या जवळच्याच एका द्रव्याचा संबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळला. रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका जास्त होता. म्हणून तिथे दोन गोष्टींवर भर दिला गेला: हंगामात मुलांना रात्री जेवू घालूनच झोपवायचं, आणि झटके आले तर साखर तपासून ताबडतोब ग्लुकोज द्यायचं.