एक वेगवान, एक ऐसपैस

ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावर नाशिक महामार्ग, घोडबंदर रोड आणि जुना आग्रा रोड एकत्र येतात. नाक्याभोवतीच्या टॉवरांत आणि गावठाणातल्या घरांतही दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप अजून तग धरून आहेत. मुलांच्या प्रोजेक्टपासून सोसायटीच्या हिशेबापर्यंत सगळं त्यांच्यावर चालतं. तक्रार एकच: सुरू व्हायला फार वेळ लागतो. 'आता नवाच घ्या' हा सल्लाही लगेच मिळतो. पण पुष्कळदा प्रोसेसर थकलेला नसतो. तो हार्ड डिस्कची वाट बघत ताटकळलेला असतो.

ही वाट किती लांब, ते मोजता येतं. डेस्कटॉपची नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. डेटाच्या एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फायली विखुरलेल्या जागांवरून गोळा कराव्या लागतात. फ्लॅश चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे तोच तुकडा साधारण 0.1 मिलिसेकंदात हाती येतो.

सलग पडलेली मोठी फाइल वाचायची असेल, तर हार्ड डिस्क तेवढी कमी पडत नाही. सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट ती सहज देते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याचा कॅमेरा 100 मेगाबिटच्या दराने 4के व्हिडिओ घेत असेल, तर तासाला 45 जीबी जमतात. दोन कॅमेरे सहा तास चालले की 540 जीबी. एवढं सगळं एसएसडीवर वर्षानुवर्षं साठवणं कुणाच्याही खिशाला जड जाईल, आणि त्याची गरजही नाही. एडिटिंग चालू आहे ते एक लग्न एसएसडीवर आणि अल्बम देऊन झालेली बाकीची हार्ड डिस्कवर, एवढी वाटणी पुरते. घरच्या संगणकाचंही तेच. विंडोज, ब्राउझर, टॅली आणि गेम एसएसडीवर राहावेत. फोटो, सिनेमे, स्कॅन केलेली कागदपत्रं हार्ड डिस्कवर जावीत.

ही वाटणी माणसाने करण्याऐवजी यंत्रानेच करावी, असा प्रयत्न कंपन्यांनी बरीच वर्षं केला. सीगेटने 2010 मध्ये मोमेंटस एक्सटी ही 500 जीबीपर्यंतची लॅपटॉपची हार्ड डिस्क आणली, तिच्या पोटातच 4 जीबी फ्लॅश मेमरी होती. 2011 मध्ये इंटेलने झेड-68 चिपसेटबरोबर हे काम मदरबोर्डकडे दिलं. 64 जीबीपर्यंतची छोटी एसएसडी हार्ड डिस्कची मदतनीस म्हणून लावायची, आणि वारंवार लागणाऱ्या गोष्टींची प्रत तिच्यावर आपोआप ठेवली जाणार. अॅपलने 2012 मध्ये फ्यूजन ड्राइव्हमध्ये दोन्ही डिस्क मिळून एकच दाखवली. 2017 मध्ये इंटेलने ऑप्टेन मेमरीची 16 आणि 32 जीबीची मोड्यूल विकायला काढली, तर 2018 मध्ये एएमडीची स्टोअरएमआय आली.

यातल्या बहुतेक युक्त्या मागे पडल्या. एसएसडी स्वस्त होत गेल्या आणि 256 किंवा 500 जीबीची अख्खी डिस्कच परवडू लागली, तेव्हा मदतनीस कुणाला हवा? इंटेलने 2022 च्या जुलैमध्ये ऑप्टेनचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. शिवाय दोन डिस्क जोडून एक केली की एक बिघडली तरी दोन्हींवरचा डेटा धोक्यात येतो. आज घरी दोन्ही लावायच्या असतील, तर त्या सी आणि डी अशा वेगळ्याच ठेवाव्यात. कुठे काय आहे हे आपल्याला ठाऊक राहतं, आणि अडचणीच्या वेळी तेच कामाला येतं.

खरेदीआधी मदरबोर्डचं नाव बघायला हवं. एच-61 चिपसेटचे बोर्ड 2011 नंतर भारतात अमाप खपले. त्यांच्यावर डिस्क जोडायचे साटाचे पोर्ट 3 गिगाबिटचे असतात, म्हणून सेकंदाला 550 मेगाबाइट देणारी साटा एसएसडी तिथे निम्म्या वेगाने धावते. तरीही ती जरूर लावावी, कारण घरच्या वापरात खरा फरक पडतो तो तुकडा शोधण्याच्या वेळेत, आणि तो फायदा पूर्ण मिळतो. त्या काळातल्या प्रोसेसरांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 ची मोफत साथ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, हेही लक्षात घ्यायला हवं. पण एसएसडी पुढच्या मशीनमध्ये हलवता येते, त्यामुळे तो खर्च बुडत नाही.

नंतरच्या बोर्डांवर एम.2 स्लॉट आला. त्यात बसणारी एसएसडीची पट्टी बहुधा 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब असते. दिसायला सारख्या असलेल्या या पट्ट्यांत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सेकंदाला 3500 मेगाबाइटपर्यंत जाते, साटाची मात्र 550 लाच थांबते. स्लॉट कोणती जात घेतो ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. त्याच पानावर बारीक अक्षरात आणखी एक टीप सापडते: अमुक एम.2 स्लॉट भरला की साटाचे अमुक दोन पोर्ट बंद. चिपसेटकडे मार्ग मोजकेच असतात, म्हणून काही मार्ग दोघांत वाटलेले असतात. नवी एसएसडी लावल्यावर चालती हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी होते, ती मेली असं समजून लोक घाबरतात. कितीदा तरी केबल काढून शेजारच्या पोर्टमध्ये लावली की डिस्क परत हजर.

बसवणं कठीण नाही. बटण बंद करून, वायर काढून कॅबिनेट आडवं ठेवायचं. एम.2 पट्टी स्लॉटमध्ये तिरकी सरकवायची. ती तशीच वर उचललेली राहते. मग तिला अलगद खाली दाबून इवल्याशा स्क्रूने अडकवायचं. बोर्डाला हीटसिंक असेल, तर त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची पातळ फिल्म आधी सोलायची. ती राहिली की उष्णता अडते, आणि मे महिन्यात बंद खोलीत पट्टी तापून स्वतःचा वेग कमी करते.

विंडोज टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. दोन्ही जोडलेल्या असल्या, तर संगणक सुरू करणारा छोटा विभाग कधी कधी जुन्या डिस्कवरच राहतो आणि विंडोज जातं नवीवर. वर्षभराने जुनी डिस्क बंद पडली की धडधाकट एसएसडी असूनही मशीन सुरू होत नाही. विंडोज टाकून झालं की केबल परत लावायची. हार्ड डिस्कही नवी असेल, तर ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी पद्धतीने तयार केल्याशिवाय दिसत नाही. त्यानंतर पिक्चर्स आणि डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलून ते डी ड्राइव्हवर हलवले, की फोटो आपोआप तिकडे जाऊ लागतात.

जुनी हार्ड डिस्क सांभाळण्याला सध्या आणखी एक कारण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, ऐरोलीपासून पुढे, मोठी डेटा सेंटर उभी आहेत. अशा ठिकाणीही सतत लागणारा डेटा फ्लॅशवर आणि ढीगभर साठा हार्ड डिस्कवर ठेवायची पद्धत आहे. एआयसाठी जगभरच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली, तसे 2025 च्या अखेरीस एसएसडीत लागणाऱ्या फ्लॅशसकट मेमरी चिपचे भाव चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ठाण्यातल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत ही झळ पोचते. अशा दिवसांत दोन टीबीची एसएसडी घेण्यापेक्षा 500 जीबीची घेऊन घरातली एक टीबीची हार्ड डिस्क तिच्या जोडीला ठेवणं शहाणपणाचं आहे.

मात्र त्या जुन्या डिस्कची तब्येत आधी तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम खराब झालेल्या जागांचा आकडा दाखवतो. तो वाढत असेल, तर त्या डिस्कवर घरच्या फोटोंची एकुलती एक प्रत ठेवू नये. हार्ड डिस्क बहुधा कुरकुर करून, खडखडून इशारा देते. एसएसडी कित्येकदा काहीच न सांगता बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणंही अवघड असतं. दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटात, एकाच एसएमपीएसवर चालतात. विजेचा झटका आला तर दोघींनाही बसतो. म्हणून यूपीएस हवा, आणि महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती एरवी संगणकापासून काढलेलीच ठेवायला हवी.