दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि वजन घटविणारी औषधे

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णास वजन घटविणारे प्रत्येक औषध सारखेच मानवते असे नाही. ऑर्लिस्टॅट आतड्यातील मेदाचे शोषण रोखते. न शोषलेला मेद कॅल्शियमला बांधून ठेवतो, परिणामी मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडात साचू शकते. सेमाग्लुटाइडचे चित्र वेगळे आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत, ३५३३ मधुमेही मूत्रपिंडरुग्णांमध्ये, त्याने मूत्रपिंडाशी निगडित गंभीर घटनांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी घटविला. तथापि उलट्या-जुलाबांमुळे निर्जलीकरण झाल्यास याच औषधाच्या काळात मूत्रपिंडास तीव्र इजा होऊ शकते. म्हणून मात्रा सावकाश वाढवावी लागते. एक बाब मात्र सहसा दुर्लक्षित राहते. वजनाबरोबर स्नायूही झिजल्यास रक्तातील क्रिएटिनिन उतरते व मूत्रपिंड सुधारल्याचा आभास निर्माण होतो. अशा वेळी स्नायूंवर कमी अवलंबून असलेली सिस्टॅटिन-सी चाचणी करून घेणे इष्ट.