परसांतील अंड्यांचीं कोंबडीं : जात कोणती ठेवावी?

आमच्या देवळा तालुक्यांत लोहोणेरपासून उमराण्यापर्यंत मळ्यामळ्यांतून खुराडीं दिसतात. परंतु कोंबडीं ठेवावयाचीं तीं कोणत्या जातीचीं, याचा विचार बैल किंवा गाय घेतांना करितात त्याच्या दशांशानेंहि होत नाहीं. बाजारांत आलेलीं पिलें पाहून मुलें हट्ट धरितात, पांचपंचवीस घेतलीं जातात, आणि दोन महिने लोटण्यापूर्वींच घार, मुंगूस व मानमोडी मिळून त्यांचा निकाल लावितात. मग ‘सर्वांत जास्त अंडीं देणारी जात कोणती?’ म्हणून पृच्छा होते. आमच्या मतें हा प्रश्नच उलटा आहे. आपल्या परसांत काय आहे हें प्रथम पाहावें, व त्यावरून जात ठरवावी.

सात-बाराच्या उताऱ्यावर कोंबडीस रकाना नाहीं, म्हणून ती क्षुल्लक समजूं नये. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत देशांतील परसांतल्या कोंबडीवर्गीय पक्ष्यांची संख्या सुमारें ३१ कोटी ७० लाख भरली, आणि ती मागील गणनेपेक्षां शेंकडा पंचेचाळीसांनीं वाढलेली होती. कांद्याचा भाव पडला असतां मीठमिरची व मुलांच्या वह्या ज्या पैशांतून येतात तो पुष्कळदां अंड्यांचा पैसा असतो, आणि तो घरांतील बायकांच्या हातचा असतो. जात चुकली तर प्रथम तोच बुडतो.

गांवठी कोंबडी वर्षास पन्नास-साठ अंडीं घालते, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा करूं नये. धुळें-नंदुरबारकडील व लगतच्या गुजरातेंतील ‘बुसरा’ ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. तिचेंहि उत्पन्न पन्नासाच्या आसपासच आहे. कारण उघड आहे. दहाबारा अंडीं झालीं कीं ही कोंबडी खुडूक होते, एकवीस दिवस बसते, आणि पुढें दोन महिने पिलें घेऊन हिंडते. तेवढा काळ अंडें नाहीं. परंतु हाच तिचा दोष व हाच तिचा गुण होय. घारीची सांवली पडतांच पिलांस पंखाखालीं घेणारी आई विकत मिळत नाहीं.

याच्या दुसऱ्या टोंकास पांढरी लेगहॉर्न. इटलींतील लिव्होर्नो बंदराच्या नांवावरून हें नांव पडलें. हिच्या वंशांतून काढलेली संकरित लेअर पिंजऱ्यांत पुरें खाद्य मिळाल्यास वर्षास तीनशेंपर्यंत अंडीं घालते. मात्र निवड करितां करितां तिचा खुडूकपणा जवळजवळ नाहींसा झाला आहे. शिवाय उघड्या रानांत पांढरा पक्षी घारीस लांबून दिसतो. ही कोंबडी कारखान्याची. परसांत मोकळी सोडावयाची नव्हे. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड रेड व ऑस्ट्रेलियांतील काळी ऑस्ट्रलॉर्प या जाती अंगानें जड व स्वभावानें शांत आहेत. पण निर्भेळ पक्षी खात्रीनें मिळविणें कठीण, व नांव सांगून विकला जाणारा प्रत्येक तांबडा कोंबडा ऱ्होड आयलंडचा नसतो.

या दोहोंच्या मध्यें परसासाठींच तयार केलेल्या सुधारित जाती आहेत. बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें काढलेली गिरिराज, आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें काढलेल्या वनराज व ग्रामप्रिया या त्यांत मुख्य. येथें एक घोटाळा नेहमीं होतो. वनराज व गिरिराज हीं दुहेरी उपयोगाचीं कोंबडीं आहेत. मांस व अंडीं दोन्ही. वनराजची परसांतील अंडीं शंभर ते एकशेंवीस. कोंबडा चांगला भरतो, पण जड पक्ष्यास उडून माळ्यावर बसतां येत नाहीं व मुंगुसापुढें पळतां येत नाहीं. केवळ अंड्यांचा हेतु असेल तर ग्रामप्रिया बरी. ती अंगानें हलकी, साडेपांच महिन्यांच्या सुमारास अंड्यावर येते, व परसांत वर्षास एकशेंसाठ ते एकशेंऐंशी भुरकट कवचाचीं अंडीं देते.

आतां हिशेब पाहूं. बारा गांवठी कोंबड्यांचीं वर्षाचीं अंडीं सुमारें सहाशें; पदरचा दाणा नांवापुरता. बारा ग्रामप्रियांचीं, एकशेंसाठच धरिलीं तरी, एकोणीसशेंवीस. त्यांस चरणीशिवाय दररोज प्रत्येकीं पन्नास ग्रॅम मका, बाजरी व पेंडीचें मिश्रण घातलें तर वर्षास २१९ किलो लागेल. म्हणजे अंड्यामागें सुमारें ११४ ग्रॅम. पिंजऱ्यांतल्या लेअरला रोज ११५ ग्रॅम, म्हणजे वर्षास ४२ किलो खाद्य. तीनशें अंडीं धरिलीं तर अंड्यामागें १४० ग्रॅम, आणि तें बहुधा विकतचें. ज्याच्या मळ्यांत मक्याचा चुरा, उकिरडा व किडे आहेत त्यास ग्रामप्रिया परवडते. ज्याचें अंगण फरसबंदी आहे व चारी बाजूंस शेजार आहे, त्यास तिच्यापासून हा लाभ नाहीं.

नवलाईच्या जातींविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. कडकनाथ ही झाबुआ भागांतील उत्तम जात असून तिच्या मांसास २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. पण ती वर्षास शंभराच्या आंतच अंडीं देते, व अंडें काळें नसून फिकट भुरकट असतें. असें असतां, ‘पिलें आमचीं घ्या, अंडीं चढ्या भावानें आम्हीच घेऊं’ या वचनावर शेतकऱ्यांनीं कर्जें काढिलीं, आणि २०१९ मध्यें सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरचें प्रकरण उघडकीस येऊन राज्यभर हजारोंचे पैसे अडकले. त्यापूर्वीं इमूचेंहि असेंच झालें होतें. जो विक्रेता पिलूं विकतो तोच एकटा गिऱ्हाईक असेल, तर ती जात घेऊं नये. अंडें देवळ्याच्या आठवडेबाजारांत कोणीहि घेईल असें असावें.

आम्ही सुचवितों ती व्यवस्था अशी : दहाबारा ग्रामप्रिया अंड्यांसाठीं, आणि तीनचार गांवठी कोंबड्या एका गांवठी कोंबड्यासह. दोहोंचीं खुराडीं व चरण्याच्या वेळा निराळ्या ठेवाव्या. अंड्यांकरितां कोंबडा लागत नाहीं. उलट, निर्जीव अंडें आमच्याकडील वैशाखांत फळलेल्या अंड्यापेक्षां जास्त टिकतें. सुधारित जातीच्या अंड्यांपासून पुढची पिढी काढूं नये. संकरित मक्याचे दाणे आपण पुन्हां बियाणें म्हणून पेरीत नाहीं, तोच न्याय येथें. नवीं पिलें आणलीं कीं रात्रीं खुडूक गांवठी कोंबडीखालीं हळूच सरकवावीं. बहुधा ती आपलीं म्हणून संभाळिते. मात्र तीं एका दिवसाचींच हवींत; मोठीं झालेलीं ती टोंचून हांकून देते.

खुराड्यांत पक्ष्यास दोन चौरस फूट जागा, अंगणांत शिंपल्यांचा चुरा, व थंडींत दिवस अकरा तासांवर आला कीं पहांटे दोनतीन तास दिवा, एवढें पुरे. चाळींतला सडका कांदा त्यांच्यापुढें टाकूं नये, व औषध लावलेलें बियाणें किंवा नुकतें फवारलेलें डाळिंब असेल तिकडे सोडूं नये.

जात कितीहि चांगली असली तरी मानमोडीपुढें ती टिकत नाहीं. कुमाऊंतील राणीखेत गांवावरून या रोगास तें नांव मिळालें. पहिल्या आठवड्यांत लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत, व आठव्या आठवड्यांत आर-टू-बी लस टोंचून, एवढें चुकवूं नये. एकाएकीं पुष्कळ पक्षी मेले तर ते विकूं किंवा नाल्यांत टाकूं नयेत; पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. २००६ च्या फेब्रुवारींत नवापुरास देशांतील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हां भोंवतालच्या खेड्यांतील परसांतलींहि कोंबडीं नष्ट करावीं लागलीं.

पिलें घेतांना शक्य तर पुणें, छत्रपति संभाजीनगर, नागपूर किंवा कोल्हापूर येथील सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे, नाहीं तर पावती देणाऱ्या विश्वासू विक्रेत्याकडे आगाऊ मागणी नोंदवावी. ज्यांच्याजवळ खुडूक कोंबडी किंवा दिव्याखालील उबेची सोय नाहीं त्यांनीं महिनाभर वाढविलेलीं पिलें घ्यावीं, व कोणत्या लशी कोणत्या तारखेस दिल्या तें पावतीवर लिहवून घ्यावें. दारावर टोपलींतून येणाऱ्या रंगविलेल्या पिलांत बहुतेक नर असतात. तीं अंड्यांसाठीं घेऊं नयेत.