दोन तारखांमधले दिवस

ग्वाल्हेरच्या कंपू भागातील ज्या टेकडीवर शिंदेशाहीच्या काळापासून मांढरेच्या मातेचे देवालय उभे आहे आणि जिला आज सारे शहर कॅन्सर पहाडी या नावाने ओळखते, त्या टेकडीवरील कर्करोग रुग्णालय व संशोधन संस्था, मध्य प्रदेशाचे माजी मंत्री शीतला सहाय यांच्या पुढाकाराने उभी राहिल्यापासून, केवळ शहरातील लष्कर-मुरारच्या रहिवाशांचेच नव्हे, तर भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी आणि श्योपूर या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांचेही आश्रयस्थान झाली आहे. रुग्ण येतो, केमोथेरपी घेतो आणि पुढची तारीख घेऊन घरी परततो. अनेक औषधक्रमांत ही तारीख २१ दिवसांनी येते. आणि व्याधीशी खरी झुंज त्या मधल्या दिवसांतच, डॉक्टरांच्या दृष्टीआड, चाललेली असते.

त्या दिवसांची हकीकत रुग्णालयाच्या दप्तरात क्वचितच उतरते. मळमळ, तोंडातील व्रण, हातापायांची बधिरता, कितीही विश्रांती घेतली तरी न जाणारा थकवा आणि मध्यरात्री जागे करून पुन्हा डोळा लागू न देणारी चिंता, ही सारी कैफियत रुग्ण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ‘ठीक आहे’ एवढ्यावर आटोपतो; आणि आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना तर दुसऱ्यास तोशीस नको म्हणून दुखणे अंगावर काढण्याची अशी सवय जडलेली असते की, शेजारी झोपणाऱ्यासही त्याचा थांग लागू नये. कर्करुग्णांसाठी निघालेल्या स्मार्टफोनवरील अ‍ॅपांचा विचार या जागेपासून केला, तरच त्यांचे मोल ध्यानात येते.

त्यांतला पहिला प्रकार लक्षणे नोंदवणाऱ्या अ‍ॅपांचा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. इथन बाश आणि त्यांचे सहकारी यांनी, रोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या ७६६ रुग्णांना घेऊन एक प्रयोग केला. एका गटाने आपली नेहमीची बारा लक्षणे संगणकावर नोंदवावीत, एखादे लक्षण तीव्र झाले वा बळावले की परिचारिकेकडे तत्काळ सूचना जावी आणि तिने दखल घ्यावी, एवढीच तजवीज होती. दुसऱ्या गटाची शुश्रूषा नेहमीच्या रीतीने चालली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, तर दुसऱ्याचे २६ महिने आढळले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. वेळेवर सांगणे आणि वेळेवर ऐकले जाणे, यांतून जवळजवळ पाच महिन्यांचा फरक पडावा, ही मला गेल्या काही वर्षांतील कर्करोगचिकित्सेची फार मोठी वार्ता वाटते. त्याहून हृद्य गोष्ट अशी की, ज्यांना पूर्वी संगणकाचा सराव नव्हता, त्यांना या पद्धतीचा लाभ अधिकच झाला. आमच्या आजीला हे जमायचे नाही, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एकट्या तापाचेच उदाहरण पुरेसे आहे. केमोथेरपीनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी नीचांकास जातात, आणि त्या अवस्थेत १००.४ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढलेला ताप हा प्राणघातक जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो. घरी मात्र तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. ज्याचे गाव ग्वाल्हेरपासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर श्योपूरकडे आहे, त्याच्या हातातील फोनने ‘थांबू नका, आत्ता रुग्णालयास कळवा’ अशी ताकीद दिली आणि पलीकडे तो निरोप घेणारे माणूस जागे असले, तर एक जीव वाचू शकतो. पलीकडे कोणी नसेल, तर ती नोंद निव्वळ रोजनिशी होऊन पडते.

दुसऱ्या प्रकारची अ‍ॅपे मनाच्या स्वास्थ्यासाठी आहेत: श्वसनाचे व्यायाम, ध्यान, निद्रेचे मार्गदर्शन, थकव्याशी जुळवून घेण्याचे पाठ. नेदरलँड्समध्ये घडवलेल्या ‘अनटायर’ या अ‍ॅपची चाचणी ७९९ जणांवर झाली, आणि बारा आठवड्यांनंतर ते वापरण्याची मुभा मिळालेल्यांचा थकवा इतरांपेक्षा अधिक उतरलेला दिसला; मात्र अनेकांनी ते मध्येच सोडलेही. एकट्याने, कोणाच्या सोबतीशिवाय, असा नेम चालवणे आजाऱ्यास जड जाते. ज्यास बोलण्यासाठी माणूसच हवे, त्याने १४४१६ हा भारत सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून ती अहोरात्र आणि विनामूल्य चालू आहे.

भाषेचा प्रश्न येथे गौण नाही. ग्वाल्हेरच्या दौलतगंज वा दालबाजारातील मराठी वृद्धा बाजारात हिंदी अस्खलित बोलेल, परंतु पोटातली कळ आणि जिवाची घालमेल ती मराठीतच सांगेल. लक्षणे मराठीतून विचारण्याचे काम अशक्य कोटीतील नाही: रुग्णाच्या जगण्याची गुणवत्ता मोजणारी युरोपीय कर्करोग संघटनेची तीस प्रश्नांची प्रश्नावली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील वैद्यांनी मराठी व हिंदीत तपासून घेतली, त्याचा वृत्तान्त २००५ सालीच छापला गेला आहे.

सावधगिरीही हवी. मानसिक समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ या अमेरिकी सेवेने ग्राहकांची खाजगी माहिती जाहिरातीसाठी इतरांस पुरवली म्हणून तिला २०२३ साली ७८ लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. जे अ‍ॅप कर्करोग समूळ बरा करण्याची हमी देते, किंवा चालू औषध बंद करावयास सुचवते, ते त्याच क्षणी फोनवरून काढून टाकावे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील तरुणांना, आणि पुण्या-बंगळुरास राहून आईवडिलांची काळजी वाहणाऱ्या त्यांच्या भावंडांना, माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या तारखेस डॉक्टरांना विचारा की आमच्या नोंदी कोण पाहील, रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा. आणि अ‍ॅप मिळो वा साधी वहीच असो, रोज संध्याकाळी रुग्णाजवळ बसून दुखणे, ताप, अन्न, झोप आणि मनाची स्थिती त्याच्याच शब्दांत टिपून घ्या.